शिवणकामाचे कागदी नमुने व त्यांतील मापदुरुस्ती

कापड कापण्यापूर्वी वस्त्राच्या निरनिराळ्या भागांचे खऱ्या मापाचे आकार कागदावर काढून व कापून तयार केलेला संच म्हणजे शिवणकामाचा कागदी नमुना होय. पुढचा भाग, पाठ, बाही, गळपट्टी, खिसा इ. प्रत्येक भागासाठी त्यात स्वतंत्र कागद असतो. कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेने यावा, टक कोठे घालावेत, कोणती कड कोणत्या कडेला जोडावी, हे दर्शविणाऱ्या खुणाही त्यावर असतात. बाजारात विकला जाणारा नमुना एका कल्पित, प्रमाणबद्ध शरीरासाठी बेतलेला असतो. प्रत्यक्ष व्यक्तीचे शरीर त्या कल्पनेशी क्वचितच तंतोतंत जुळते. म्हणून कापडाला कातर लावण्यापूर्वी नमुन्यात जे फेरफार करावे लागतात, त्यांस मापदुरुस्ती म्हणतात. बेतण्याचे कौशल्य शिंप्याच्या हातातून कागदावर कसे उतरले आणि त्यातील न उतरलेला भाग घरी शिवणाऱ्या व्यक्तीवर कसा येऊन पडला, याचा वृत्तांत म्हणजेच कागदी नमुन्यांचा इतिहास होय.

नमुन्यांपूर्वीची बेतकला : यंत्रयुगापूर्वी यूरोपात कापड महाग व श्रम स्वस्त होते. त्यामुळे कापडाचा कमीतकमी अपव्यय होईल अशा रीतीने वस्त्राचे भाग मांडणे, हीच शिंप्याची खरी विद्या मानली जाई. हुआन दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्याचा १५८० मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झालेला भूमितिविषयक ग्रंथ हा या विषयावरील सर्वांत जुन्या छापील ग्रंथांपैकी एक आहे. निरनिराळ्या पन्ह्याच्या कापडावर वस्त्राचे भाग कसे बसवावेत, याच्या आकृत्या त्यात आहेत. परंतु व्यक्तीच्या अंगाला वस्त्र कसे बसवावे, हा भाग त्यात जवळजवळ गृहीतच धरला आहे. तो गुरूकडून शिष्याकडे हातोहात जात असे.

मापाची फीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आली. तत्पूर्वी शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एक लांब पट्टी वापरी. खांदा, छाती, कंबर, बाहीची लांबी इ. मापे त्या पट्टीवर आकड्यांनी न लिहिता छोट्या खाचा पाडून दर्शविली जात. फ्रांस्वा आलेक्सांद्र द गार्सो याने १७६९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीसाठी लिहिलेल्या शिंपीकामावरील ग्रंथात या पद्धतीचे वर्णन केले आहे. अशी पट्टी एकाच माणसाची असे व दुसऱ्यास तिचा उपयोग नसे. स्त्रियांचे घट्ट बसणारे झगे बहुधा अंगावरच कापड लावून, टाचण्या टोचून बेतले जात. जुने वस्त्र उसवून त्याच्या तुकड्यांवरून नवे कापणे, ही घरगुती रीतही सार्वत्रिक होती.

प्रमाणपद्धती : फीत आल्यावर मापे आकड्यांत लिहिली जाऊ लागली आणि निरनिराळ्या माणसांच्या मापांची तुलना शक्य झाली. छातीच्या मापाशी शरीराच्या इतर मापांचे ठराविक प्रमाण असते, असा विचार यातून पुढे आला. छातीचे माप एकदा घेतले, की त्याच्या अपूर्णांकांवरून खांदा, मुंढा, गळा व पाठ यांची मापे काढता येतात, असे या पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणत. तिला विरोध करणारे प्रत्येक माप अंगावरूनच घेतले पाहिजे, असा आग्रह धरीत. एकोणिसाव्या शतकातील शिंपीकामाच्या ग्रंथांत हा वाद दीर्घकाळ चालला. प्रमाणपद्धतीमुळे एका आराखड्यावरून लहानमोठे आराखडे झपाट्याने काढता येऊ लागले, हे तिचे मोठे यश होय. तथापि छातीचे माप समान असलेल्या दोन व्यक्तींपैकी एकीचे खांदे उतरते, तर दुसरीचे सरळ असू शकतात. एकीची पाठ ताठ, तर दुसरीची वाकलेली असू शकते. हा दोष प्रमाणपद्धतीतून पुढे व्यापारी नमुन्यांत जसाच्या तसा उतरला.

व्यापारी नमुन्यांचा उदय : इंग्लंडमध्ये १८३८ साली ‘द वर्कवुमन्स गाइड’ हे पुस्तक एका अनामिक लेखिकेने प्रसिद्ध केले. घरगुती कपड्यांच्या आकृत्या व मापांची कोष्टके त्यात दिली होती. पुढे अमेरिकेत इलायस हौ (१८४६) व आयझॅक सिंगर (१८५१) यांना शिवणयंत्राची एकस्वे मिळाली. यंत्राने टीप मारण्याचा वेळ कमी केला. पण बेतण्याची अडचण कायम राहिली. किंबहुना, यंत्र घरात आले तरी कापड कसे कापावे हे ठाऊक नाही, अशा गृहिणींची संख्या वाढली आणि नमुन्यांना बाजारपेठ मिळाली.

महिलांची नियतकालिके ही या बाजारपेठेची पहिली वाहक होत. ‘द इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझीन’ या सॅम्युएल बीटन यांच्या मासिकाने १८६० पासून नमुने देण्यास सुरुवात केली. न्यूयॉर्क येथे एलन लुईस डेमोरेस्ट (१८२४–९८) यांनी त्याच सुमारास आपल्या मासिकाबरोबर पातळ कागदाचे नमुने विकले. १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘हार्पर्स बझार’च्या पुरवणीत एकाच मोठ्या कागदावर अनेक वस्त्रांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असत व हव्या त्या वस्त्राची रेषा शोधून ती दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावी लागे. हे नमुने बहुधा एकाच आकारमानाचे असत. ते आपल्या मापाचे करून घेणे, हे सर्वस्वी वाचकांवर सोपविलेले असे. ज्या कामासाठी शिंप्याची अनेक वर्षांची उमेदवारी लागे, ते काम एखाद्या परिच्छेदात सांगून मोकळे होण्याची या मासिकांची रीत होती.

मॅसॅचूसेट्स राज्यातील स्टर्लिंग या गावचे शिंपी एबेनेझर बटरिक (१८२६–१९०३) यांनी १८६३ मध्ये निरनिराळ्या आकारमानांत श्रेणीबद्ध केलेले नमुने विक्रीस आणले. त्यांच्या पत्नी एलन यांनी ही कल्पना सुचविली, असे परंपरेने सांगतात. आरंभी त्यांत पुरुषांचे व मुलांचे कपडे होते. इटालियन देशभक्त गॅरिबाल्डी यांच्या गणवेशाच्या धर्तीवरील मुलांच्या पोशाखाचा नमुना विशेष लोकप्रिय झाला. १८६४ मध्ये बटरिक यांनी आपला व्यवसाय न्यूयॉर्कला नेला आणि १८६६ पासून स्त्रियांच्या वस्त्रांचे नमुने काढले. मुलांचे नमुने वयानुसार, स्त्रियांच्या वरच्या अंगाचे नमुने छातीच्या मापाने, तर घागऱ्यासारख्या वस्त्रांचे नमुने कमरेच्या मापाने विकले जात. जेम्स मक्कॉल या स्कॉटिश शिंप्याने १८७० मध्ये न्यूयॉर्कला दुसरी कंपनी स्थापन केली. १८९९ मध्ये ‘व्होग’ साप्ताहिकाने टपालाने नमुने पुरविण्याची योजना सुरू केली. १९२७ मध्ये स्वस्त नमुन्यांची सिम्प्लिसिटी कंपनी निघाली. नमुन्यांच्या स्वस्ताईमुळे नव्या धर्तीचे कपडे सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले, हा या व्यवसायाचा मोठा सामाजिक परिणाम होय.

छापील खुणा व सूचना : आरंभीचे नमुने कोऱ्या पातळ कागदाचे असत. टक, घडी व उभा धागा यांच्या जागा निरनिराळ्या आकारांच्या छिद्रांनी दाखविलेल्या असत. त्यांचा अर्थ लावणे नवशिक्यास कठीण जाई. मक्कॉल कंपनीने १९२० च्या सुमारास नमुन्यांवर रेषा व शब्द छापण्याचे तंत्र आणले. इतर कंपन्यांचे नमुने मात्र पुढेही बराच काळ छिद्रांचेच राहिले. पहिल्या महायुद्धानंतर नमुन्याबरोबर सविस्तर सचित्र सूचनापत्रक देण्याची प्रथाही रूढ झाली. छपाईमुळे एक महत्त्वाची खूण नमुन्यावर कायमची आली. ती म्हणजे ‘येथे लांबी वाढवावी किंवा कमी करावी’ असे सांगणारी दुहेरी रेषा. आपला नमुना सर्वांना जसाच्या तसा बसणार नाही, याची कंपन्यांनी दिलेली ती कबुलीच होती. उंचीतील फरकाची ही कबुली असली, तरी खांद्याचा उतार, पाठीचा बाक किंवा उरोभागाचा उठाव यांतील फरकांविषयी नमुना सहसा मौनच बाळगी.

सरासरी शरीराचा शोध : आकारमानांचे क्रमांक प्रत्येक कंपनी दीर्घकाळ आपल्या अनुभवानेच ठरवीत होती. स्त्रियांच्या शरीरमापांचे पहिले मोठे शास्त्रीय सर्वेक्षण अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये केले. रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सु. १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेण्यात आली आणि त्यांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या व आडव्या मापांचा परस्परसंबंध क्षीण असतो. त्यामुळे केवळ एका मापावरून संपूर्ण शरीराचा अंदाज बांधता येत नाही, हे या सर्वेक्षणातून दिसून आले. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रमाणपद्धतीचा पायाच त्यामुळे डळमळीत झाला. तथापि या सर्वेक्षणालाही मर्यादा होत्या. अंतिम हिशेबात फक्त गौरवर्णीय स्त्रियांची मापे धरण्यात आली. जिला ‘सरासरी स्त्री’ म्हटले गेले, तिच्यातून देशातील स्त्रियांचे मोठे समूह आरंभीच वगळले गेले होते.

या माहितीच्या आधारे अमेरिकेत १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांच्या आकारमानांचे एक ऐच्छिक मानक जाहीर झाले. १९७० मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. नमुने तयार करणाऱ्या कंपन्यांनी १९६८ च्या सुमारास आपले क्रमांक बदलून तत्कालीन तयार कपड्यांच्या जवळ आणले. त्यानुसार १२ क्रमांकाच्या नमुन्यासाठी छातीचे माप ३२ इंचांऐवजी ३४ इंच झाले. पुढे तयार कपड्यांचे उत्पादक त्याच क्रमांकाचे कपडे उत्तरोत्तर मोठे करीत गेले. नमुन्यांचे क्रमांक मात्र बहुतांशी तेथेच राहिले. त्यामुळे दुकानात ८ क्रमांकाचा पोशाख घेणाऱ्या स्त्रीस १२ किंवा १४ क्रमांकाचा नमुना लागतो आणि आपल्या शरीरातच काही वैगुण्य आहे, असा तिचा गैरसमज होण्याचा संभव असतो. वस्तुतः हा क्रमांक शरीराचे वर्णन करीत नाही. तो व्यापारी संकेत असून काळानुसार व कंपनीनुसार बदलतो. म्हणून नमुन्याची निवड नेहमी मापांच्या कोष्टकावरून करावी लागते.

युद्धकाळ : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आले व ते मार्च १९४९ पर्यंत टिकले. पहिल्या वर्षी प्रौढ व्यक्तीस ६६ कुपने मिळत. व्यापार मंडळाने १९४३ मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढून जुने कपडे उलगडून नवे करण्याचे मार्ग सांगितले. सैन्यात गेलेल्या पुरुषाच्या कोटापासून स्त्रीचा पोशाख कापण्यासारखी कामे त्या काळी घरोघर झाली. अशा वेळी नमुना कापडाच्या लांब ताग्यावर पसरता येत नाही. कोटाच्या शिवणी, खिसे व झिजलेले भाग टाळून त्याचे तुकडे बसवावे लागतात. अंगाला व हाताशी असलेल्या कापडाला, अशा दोन्हींना एकाच वेळी जुळवून घेण्याचे हे काम होते. मापदुरुस्तीची जाण नसलेल्या व्यक्तीस ते साधणे अशक्यच होते.

मापदुरुस्तीची तत्त्वे : मापदुरुस्तीच्या रीती अनेक असल्या, तरी त्यांमागील तत्त्वे थोडी व सोपी आहेत. शरीराचे माप, नमुन्याचे सपाट माप व सैलपणा या तीन गोष्टींचा हिशेब प्रथम करावा लागतो. नमुन्याचे माप मोजताना शिवणीसाठी सोडलेली माया वगळावी लागते. अमेरिकन नमुन्यांत ही माया सामान्यतः ५/८ इंच (सु. १·५ सेंमी.) असते. श्वासोच्छ्‌वास व हालचालीसाठी अंगाबरोबर बसणाऱ्या वस्त्रातही छातीभोवती सु. २ ते ३ इंच सैलपणा लागतो. म्हणून नमुन्याचे माप शरीराच्या मापाएवढेच आढळले, तर तो नमुना लहान समजावा.

उभ्या मापांची दुरुस्ती प्रथम व आडव्या मापांची नंतर करतात. कारण कंबर, नितंब व उरोभाग यांच्या रेषा योग्य उंचीवर आल्याशिवाय रुंदीचा हिशेब व्यर्थ ठरतो. लांबी कमी करण्यासाठी कागदाला आडवी घडी घालतात, तर वाढविण्यासाठी तेथे कागद कापून मध्ये पट्टी चिकटवितात. दोन्ही प्रसंगी उभ्या धाग्याची रेषा सरळ राहिली पाहिजे आणि तुटक झालेल्या कडा पुन्हा सलग आखल्या पाहिजेत. रुंदीतील वाढ एकाच जागी न घालता कडांमध्ये विभागतात. नितंबाभोवती २ इंच हवे असतील व बाजूच्या दोन शिवणी मिळून चार कडा असतील, तर प्रत्येक कडेस अर्धा इंच वाढवितात.

खांदे उतरते असल्यास खांद्याच्या रेषेचे बाहेरचे टोक खाली आणतात व तेवढाच मुंढाही खाली घेतात. अन्यथा मुंढा लहान होऊन बाही बसत नाही. पाठीला बाक असल्यास पाठीच्या नमुन्याला आडवा छेद देऊन तो उघडतात आणि गळ्याशी वा खांद्याशी येणारी जादा रुंदी टकात घेतात. कमरेशी पाठ आत वळलेली असल्यास मध्यभागी आडवी घडी घालून ती बाजूच्या शिवणीपर्यंत निमुळती नेतात. उरोभागाची दुरुस्ती सर्वांत नाजूक समजली जाते. अनेक अमेरिकन नमुने छातीचा वरचा घेर व उरोभागाचा पूर्ण घेर यांत सु. २ इंचांचा फरक गृहीत धरून आखलेले असतात. ज्या स्त्रीत हा फरक अधिक असतो, तिने पूर्ण घेरावरून नमुना निवडल्यास खांदे व गळा ढगळ होतात. यासाठी नमुना वरच्या घेरावरून निवडतात आणि पुढच्या भागास खालच्या कडेपासून उरोबिंदूपर्यंत व तेथून मुंढ्यापर्यंत छेद देऊन, तसेच बाजूच्या टकाच्या रेषेवरही छेद देऊन तो हवा तेवढा उघडतात. कागद अर्ध्या भागाचा असल्याने एकूण वाढीच्या निम्मी वाढ त्यात करतात. यामुळे टक मोठा होतो व सपाट कापडाला आवश्यक तो उठाव मिळतो.

कागदावरील दुरुस्ती पुरेशी झाली की नाही, हे मांजरपाटासारख्या स्वस्त कापडाचे कच्चे वस्त्र धावदोऱ्याने शिवून व अंगावर घालून पाहतात. पडणाऱ्या चुण्या दोषाची जागा दाखवितात. आडव्या ताणलेल्या चुण्या तेथे कापड कमी असल्याचे, तर सैल लोंबणाऱ्या घड्या ते अधिक असल्याचे दर्शवितात. कच्च्या वस्त्रावरील सुधारणा पुन्हा कागदावर उतरवून ठेवल्यास तो नमुना त्या व्यक्तीपुरता कायमचा उपयोगी पडतो.

यूरोपातील पुढील वाटचाल : जर्मनीत ओफेनबुर्ख येथे आएन्ने बुर्डा (१९०९–२००५) यांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मासिकात १९५२ पासून नमुन्यांचे तक्ते येऊ लागले. एकमेकींवर छापलेल्या रंगीत रेषांतून आपल्या आकारमानाची रेषा उतरवून घेण्याची जुनी रीत त्यात पुन्हा अवतरली. या तक्त्यांत माया धरलेली नसल्याने दुरुस्तीचा हिशेब थेट शिवणीच्या रेषेवर करता येतो. १९८७ मध्ये हे मासिक सोव्हिएट संघातही रशियन भाषेत निघू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच पाकिटात अनेक आकारमानांच्या रेषा देण्याची पद्धत सर्वत्र पसरली. त्यामुळे छातीशी एका व नितंबाशी दुसऱ्या आकारमानाची रेषा घेऊन मधला भाग जोडून घेणे सोपे झाले.

भारत व महाराष्ट्र : साडी, धोतर यांसारख्या न शिवलेल्या वस्त्रांना नेसणीनेच अंगाचे माप मिळत असल्याने त्यांना नमुन्याची गरज नसते. चोळी, पोलके व पुढे ब्लाउज यांना मात्र नेमके माप लागते. सिंगर कंपनीची शिवणयंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईमार्गे भारतात पसरली. विसाव्या शतकात शिवणवर्ग हे स्त्रियांच्या स्वावलंबनाचे एक साधन बनले. पुणे येथे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकामाच्या शिक्षणास स्थान दिले. या वर्गांत पाश्चात्त्य पद्धतीचा विकत घेतलेला नमुना फारसा रुजला नाही. प्रत्येकीची मापे घेऊन खाकी कागदावर किंवा वर्तमानपत्रावर आराखडा काढण्याची रीत येथे रूढ झाली. के. आर. झारापकर यांच्या कर्तनपद्धतीवरील पुस्तकासारख्या क्रमिक पुस्तकांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले.

या आराखड्यांत काही मापे अंगावरून घेतलेली, तर काही छातीच्या अपूर्णांकांवरून काढलेली असतात. उदा., गळ्याची रुंदी पुष्कळदा छातीच्या १/१२ धरतात. याचा अर्थ असा, की प्रमाणपद्धतीतील ‘सरासरी’ येथेही सूत्रांत दडलेली असते आणि आराखडा कितीही काळजीपूर्वक काढला, तरी तो अंगावर पाहून दुरुस्त करावा लागतो. मापाचा म्हणून जुना ब्लाउज शिंप्याकडे देणे, बाजूच्या शिवणीत भरपूर माया ठेवून पुढे ती उसविणे, मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवणे, या महाराष्ट्रातील घरगुती रीती शरीर बदलते हे गृहीत धरूनच निर्माण झाल्या आहेत. मापदुरुस्तीचे शास्त्र जे कागदावर साधू पाहते, तेच या रीती कापडातच साठवून ठेवतात.

अलीकडील काळ : तयार कपडे स्वस्त झाल्यावर पाश्चात्त्य देशांत घरगुती शिवणकाम ओसरले व जुन्या कंपन्यांचे विलीनीकरण झाले. १९६१ मध्ये ‘व्होग’चे नमुने बटरिककडे, तर २००१ मध्ये ही दोन्ही नावे मक्कॉल कंपनीकडे गेली. २०१७ पर्यंत सिम्प्लिसिटीसह ही चारही नावे एकाच उद्योगसमूहाखाली आली होती. दुसरीकडे एकविसाव्या शतकात संगणकावरून घरी छापून घेता येणारे नमुने लहान स्वतंत्र आरेखनकारांनी प्रचारात आणले. त्यांपैकी अनेक जण निरनिराळ्या उठावांसाठी पुढच्या भागाचे वेगवेगळे कागद देतात, म्हणजेच मापदुरुस्तीचा काही भाग नमुन्यातच अंतर्भूत करतात. ऱ्होड आयलंड विद्यापीठात जुन्या व्यापारी नमुन्यांचा मोठा संग्रह जतन करण्यात आला असून वस्त्रेतिहासाच्या अभ्यासकांना तो उपयुक्त ठरला आहे.

भारतात तयार कपड्यांसाठी दीर्घकाळ अमेरिकन व ब्रिटिश आकारमानेच वापरली गेली. ही उणीव दूर करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये भारतीय आकारमानांचा प्रकल्प जाहीर केला. मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वर्षे वयाच्या सु. २५,००० स्त्रीपुरुषांची मापे त्रिमितीय यंत्राने घेण्याची त्याची योजना होती. अशा सर्वेक्षणामुळे सरासरी अधिक न्याय्य होते व दुरुस्तीचे प्रमाण घटते. तथापि सरासरी कितीही अचूक असली, तरी ती अनेकांच्या मापांतून काढलेली असते आणि वस्त्र मात्र एकाच व्यक्तीच्या अंगावर बसावयाचे असते. हे अंतर मोजून भरून काढण्याचे काम बेतणाऱ्याकडेच राहते.